एकहाती म्हैस

त्या संध्याकाळीही हे घरी आले ते हातांना दुधाचा वास घेऊन. दाराशी चपला काढल्या, लोटा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "आज चमेलीनं भरभरून दिलं."

मी लोटा घेतला नाही. तव्यावरची भाकरी उलटायची होती, एवढं निमित्त मला पुरलं. शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उठून तो घेतला.

"तू परीक्षा कंपौंडरची दिली होतीस की गवळ्याची?" त्यांनी लेकाला विचारलं.

"म्हैस एकहाती झाली, त्याला मी काय करू?"

"ते असू दे. पण भांग पाडून कशाला जातोस रे? म्हशीला काय कळतंय भांग उजवीकडं आहे की डावीकडं?"

हे हसले. मी मात्र तव्यावरची भाकरी करपू दिली आणि तीच त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती तशीच खाल्ली. त्यांचं लक्षच नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं.

लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझं माहेर बार्शीकडचं, इंग्रजी मुलखातलं. सासर मांजरेच्या काठी, निजामाच्या राज्यातलं तालुक्याचं गाव. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण गावाच्या बोलण्यातून तो गेला नव्हता. हे ज्या जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते त्याची जुनी उर्दू पाटी तशीच होती, शफाखाना-ए-हैवानात. गाव त्याला सरळ हैवानांचा दवाखाना म्हणायचं. आमच्या बार्शीकडं हैवान म्हणजे राक्षस, लेकराला मारणारा बाप, दारू पिऊन बायकोच्या उरावर बसणारा माणूस. माझ्या आईनं स्थळ ऐकलं तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली पडलं होतं.

गेल्या वर्षी माझी नात तुर्कस्तान बघायला गेली होती. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या पाटीचा फोटो तिनं मला फोनवर दाखवला आणि म्हणाली, आजी, हे बघ, इथं लिहिलंय हायवानात. मी म्हटलं, बाई गं, हा शब्द मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. आणि चमेली डोळ्यांपुढं उभी राहिली. काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, एक शिंग जरा खाली झुकलेलं.

चमेली जैतूनबीची. जैतूनबीचा नवरा करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात नाक्यावर, शिपाई होता. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत एका सकाळी तो घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही. कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे कराचीला गेला. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. मूलबाळ नव्हतं. चमेलीच्या दुधावर तिचं एकटीचं घर चालायचं.

चमेलीचं पारडू आजारी पडलं तेव्हा तिनं दोघांना दवाखान्यात आणून बांधलं. पारडू वाचलं नाही. पण ते आजारी होतं तोवर दवाखान्याच्या अंगणात म्हशीची धार हेच काढत होते. पुढं म्हैस घरी गेली आणि जैतूनबी दुसऱ्याच दिवशी परत दवाखान्यात आली. चमेली माझ्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणाली. पारडू मेलं की गवळी लोक त्याच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते म्हशीपुढं उभं करतात. म्हैस चाटते आणि दूध सोडते. यांनी तिला तेच सुचवलं. ती तयार झाली नाही. मुक्या जिवाला असा धोका देणं नक्को, म्हणाली. मग राहिला एकच उपाय. ज्या हाताला म्हैस सोकावली तो हात रोज तिच्या कासेला लागायला हवा. तेव्हापासून हे सकाळ-संध्याकाळ तिच्या दारात जाऊ लागले.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं होतं, अगदी मोकळेपणानं. मी डोळ्यांपुढं एक म्हातारी उभी केली होती, बोळकं झालेल्या तोंडाची. मग एकदा ओढ्यावर धुणं धुताना शेजारणीनं कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, ती बघ, तुझी गवळण. पलीकडच्या काठावरून जैतूनबी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. भारा एका हातानं धरलेला, दुसरा हात मोकळा हलता, त्यात त्या हिरव्या बांगड्या. चालताना मान जरासुद्धा हलत नव्हती. मी धुणं अर्धं टाकून घरी आले.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. एरवी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा माणूस कोंबडं आरवायच्या आत उठून तोंड धुतोय. खाकी शर्टाची बाही दुमडताना गुणगुणतोय. घरी आला की चमेलीनं आज काय केलं, शेपटी कशी मारली, ते सांगतोय. दिवसभर मी काय केलं ते कधी विचारलं नाही. जैतूनबीचं नाव मात्र ते चुकूनही घेत नसत. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती रोज लोटाभर दूध द्यायची. आत्याबाई तशा सोवळ्याच्या, पण दुधाला विटाळ नसतो म्हणून घ्यायच्या. मी ते दूध कधी तोंडाला लावलं नाही. दुधाचं भांडं कुणाकडं रिकामं परत पाठवायचं नसतं. चार दाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालतात. मी लोटा मुद्दाम घासूनपुसून रिकामा पाठवायची. तिकडून तो दुसऱ्या दिवशी भरून यायचा. त्याबद्दल तिनं कधी काही म्हटलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही.

मग पंचक्रोशीत बुळकांडीची साथ आली. जनावरं पटापट मरायला लागली आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना टोचणीसाठी खेडोपाडी जायचा हुकूम झाला. आदल्या संध्याकाळी हे पिशवी भरत होते आणि चेहरा काळजीनं उतरला होता. मला वाटलं, रानावनात जायचंय, मला सोडून जायचंय.

"चमेलीचं कसं होणार?" ते म्हणाले. "दोन वेळा धार चुकली तर कास दाटेल. दगडी झाली तर म्हैस कायमची गेली."

मी त्यांच्या दशम्या फडक्यात बांधत होते. गाठ इतकी आवळली की फडकं टरकलं.

"मी जाते," मी म्हणाले.

"तू? ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही."

"माझ्या बापाच्या दावणीला सहा म्हशी होत्या. जनावर माणूस बघत नाही, वास बघतं. तुमचा अंगातला शर्ट ठेवून जा."

त्यांना ते पटलं नाही, पण दुसरी तोडही नव्हती. पहाटे ते धुतलेला शर्ट घालून गेले आणि फिनेलचा, आयोडिनचा, घामाचा वास असलेला तो खाकी शर्ट खुंटीला राहिला. आत्याबाई उठायच्या आत मी तो लुगड्यावरून अंगात चढवला, वर पदर घेतला आणि निघाले. जाताना मनात धार काढायचं नव्हतंच. त्या घरात काय आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

तिचं दार उघडंच होतं. चूल पेटलेली, अंगण शेणानं सारवलेलं, आणि दाराशी ती उभी होती, केस विंचरून, धुतलेली ओढणी डोक्यावर घेऊन. दारात मी दिसले तशी ती थबकली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. शर्टाकडं पाहत राहिली, वरपासून खालपर्यंत.

"ते टोचणीला गेलेत," मी म्हणाले. "मी त्यांची बायको."

ती पुढं आली. मला वाटलं, आता ही भांडणार. पण तिनं हात पुढं केला आणि माझ्या गळ्याजवळचं बटण काढलं. मी चुकीच्या काजात अडकवलं होतं. सगळा शर्ट एका बाजूला वर चढला होता. तिनं एकेक बटण काढून नीट लावलं, एखाद्या लेकराचं लावावं तसं. माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या नवऱ्याच्या शर्टाला हिचा हात.

"हात धो लेव, दुल्हन," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी चमेलीजवळ बसले. तिनं मान वळवून मला हुंगलं, फुस्स केलं. मी कासेवर पाणी मारलं, थोपटलं. म्हशीशी बोलावं लागतं. पण हे तिच्याशी काय बोलतात ते मला कुठं माहीत होतं?

मागून जैतूनबीचा आवाज आला, अगदी हळू. "हं माय, सोड माय, असं बोलते वो. हं माय, सोड माय."

ते शब्द तिला पाठ होते. त्यांच्या सुरात, त्यांच्या थांबण्यासकट. त्यांनी माझ्याशी तसं मऊ बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ते मला दुसऱ्या बाईकडून शिकावं लागत होतं. दात आवळून मी म्हणाले, "हं माय, सोड माय." आणि चमेलीनं सोडलं. फार आढेवेढे न घेता, जशी माझीच वाट बघत होती. बादलीत धार वाजायला लागली आणि मला असं वाटलं, जग जिंकलं.

"मान गई हैवान," जैतूनबी म्हणाली.

"तिला कशाला हैवान म्हणता?" मी मागं न बघता विचारलं. "हैवान असतील ती माणसं."

ती हसली. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिनं सांगितलं, की दवाखान्याचे जुने डॉक्टर असंच म्हणायचे: हा लफ्ज अरबस्तानातून निघाला, इराणला गेला, तुर्कांकडं गेला, सगळीकडं जनावर तो जनावरच राहिला, तुम्हा मराठी लोकांच्या दारात आला आणि बिचाऱ्याला शिंगं फुटली, राक्षस झाला. आमच्यात हैवान म्हणजे ज्याला जान आहे तो, बस, ती म्हणाली. खातो, पितो, झूठ बोलत नाही.

मी बादली तिच्या हातात दिली. लोटाभर दूध घेऊन तोऱ्यात घरी आले आणि त्या दिवशी ते दूध मी प्यायले.

हे टोचणीवरून परत आले तेव्हा मी सांगून टाकलं, आता म्हैस माझ्या हाताची झाली, तुम्ही जायची गरज नाही. ते हं म्हणाले आणि संध्याकाळी भांग पाडून गेलेच. थोड्या वेळानं परत आले. हात कोरडे.

"दारातूनच सांगितलं," ते म्हणाले. "दुल्हनला पाठवा, चमेलीला आता तिचाच हात लागतो म्हणे. एवढ्यात विसरली मला म्हैस?"

आत्याबाई म्हणाल्या, "आता त्या भांगाचं काय करायचं?"

मी खुंटीवरचा शर्ट काढला. इतक्या आनंदात मी मंगळागौरीलासुद्धा नटले नसेन.

तेव्हापासून दोन्ही वेळेला मी जाऊ लागले. आधी काही दिवस धार काढायची आणि उठायचं, एवढंच. मग ती चहा ठेवायला लागली. मी तो अंगणात बसून प्यायचे, पुढं ओसरीवर, पुढं चुलीशी. ती मला सालनाच्या रश्श्यात चिंच कधी घालायची ते सांगायची, मी तिला आमच्याकडची शेंगाची चटणी करून दाखवायची. तिच्या नवऱ्याबद्दल मी कधी विचारलं नाही, माझ्या नवऱ्याबद्दल तिनं. घरी यायला उशीर होऊ लागला तसे हे कुरकुरायला लागले. एका म्हशीला किती वेळ लागतो? काय बोलता एवढं? माझं नाव निघतं का? मी म्हणायची, चमेलीला विचारा. त्यांचं तोंड आंबट झालं की मला जेवण गोड लागायचं.

तरी आत कुठंतरी ठिणगी होतीच. मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, रीतच आहे. वडील न्यायला आले आणि मी जाणार नाही म्हणाले. आत्याबाईंना कळेना, लेकीला माहेर नको असं कधी होतं का. कारण मी कुणाला सांगितलं नाही. मी बार्शीला गेले तर धार कोण काढणार?

अवघडले तरी जात राहिले. पार शेवटी उकिडवं बसवेना तेव्हा जैतूनबी माझ्या पाठीला पाट लावून धरायची.

मुलगा झाला. मला आतल्या खोलीत बाजेवर टाकलं, बाजेखाली शेगडी. पहिल्याच संध्याकाळी हे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "मग, चमेलीकडं मलाच जावं लागणार," ते म्हणाले. आवाज काळजीचा होता, पण भांग पाडलेला होता. मी भिंतीकडं तोंड केलं.

ते गेले तसे परत आले. लोटा भरलेला, हात कोरडे.

"धार आधीच काढून झाली होती. लोटा दारातच दिला."

"कुणी काढली?"

"मी काय विचारू? कुणीतरी नात्यातलं आलं असेल."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाजेवर पडल्या पडल्या मला त्या कुणाचा तरी हेवा वाटायला लागला. माझी चमेली कुणाच्या हाताला गेली? हं माय, सोड माय, आता कोण म्हणतंय तिला? आधी नवऱ्यासाठी जळत होते, आता म्हशीसाठी.

बारशाच्या आधी एका दुपारी जैतूनबी स्वतः लोटा घेऊन आली. आत्याबाई तिला आत येऊ देणार नव्हत्या, म्हणून ती परसातून माझ्या खिडकीशी येऊन बसली. मी बाळाला उचलून गजांपाशी धरलं. तिनं बोट आत घालून त्याची मूठ सोडवून पाहिली, मग आपल्याच कानशिलावर बोटं मोडली.

"चमेली कशी आहे?" मी विचारलं.

"अच्छी है."

"धार कोण काढतं?"

ती बाळाकडंच बघत होती. "मी."

"तुमच्या हाताला पान्हा सोडते?"

"हौ."

"कधीपासून?"

तिनं बोट गजांतून मागं घेतलं. परसात कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडं पाहत राहिली. बाळ झोपलं, तरी मी त्याला तसंच धरून राहिले.

"पहले पहले सच था," ती म्हणाली. "पारडू मेलं तेव्हा. थोडे रोज नाहीच सोडलं तिनं. मग एका सकाळी कंपौंडर साब यायच्या आधी मी सहज हात लावला, और सोड दी. मी बादली लपवली. ते आले, मी बोलले, नाही सोडत."

"का?"

"घरात मर्दाचं खोकणं ऐकून किती साल झाले होते, दुल्हन. वो आते, म्हशीशी बोलते, जाते. मी चुलीपाशी बसून ऐकायची. बस. मेरे तरफ आँख उठाको देखे नहीं कभी. तुझ्या लेकराची कसम मी खाणार नाही, पण खोटं बोलत नाही." मग ती म्हणाली, "हैवान पे झूठ डाली मैं. पेंढ्याचं पारडू नक्को बोलले, धोका नक्को बोलले, और खुद..."

म्हणजे माझं जळणं खोटं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला संशयी म्हणून कोसत होते आणि संशय खरा होता. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली.

"मग मला कशाला बसू दिलं त्या दिवशी?"

"तू वो शर्ट पहनके आई," ती म्हणाली. "बटण सगळी उलटी-सुलटी. अंधारात, रडत रडत लावली असशील. मी सोचले, अरे, इसकी भी वही हालत है, जो मेरी है."

ती उठली, ओढणी सारखी केली. "आता नक्को येऊ. लेकरू लहान है. चमेली कुणाच्याही हाताला सोडते, कोई फिकर नहीं."

संध्याकाळी हे उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. जैतूनबी आली होती म्हणे, काय म्हणाली?

मी बाळाला पदराखाली घेतलं होतं.

"चमेली फार त्रास देतेय म्हणाली," मी म्हटलं. "पान्हा चोरते. मी उठले की मलाच जावं लागेल. दुसरं कुणी चालायचं नाही तिला."

त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि ते गेले.

सव्वा महिना झाला आणि ओटी भरली, त्याच्या दुसऱ्या पहाटे मी बाळाला आत्याबाईंच्या कुशीत ठेवलं आणि खुंटीवरचा शर्ट काढला. बटणं नीट लावली, एकेक. तिचा लोटा घासला आणि डिंकाच्या लाडवांनी काठोकाठ भरला.

जैतूनबी चमेलीच्या कासेशी बसली होती. बादली अर्धी झाली होती, आणि फेस अजून वर येत होता. मला बघून तिचे हात थांबले. लोट्याकडं पाहिलं, शर्टाकडं पाहिलं.

"ऐकलं, म्हैस फार त्रास देतेय," मी म्हणाले. "माझ्याशिवाय सोडत नाही म्हणे."

तिनं अर्ध्या भरलेल्या बादलीकडं पाहिलं. मग सावकाश उठली आणि मला जागा करून दिली.

"हौ," ती म्हणाली. "बहुत एकहाती है हैवान."

मी बसले. चमेलीनं एकदा मान वळवून मला हुंगलं, आणि आम्हा दोघींचं खोटं पाठीवर घेऊन बिचारी शांतपणे रवंथ करत उभी राहिली.